वरवंट्यावरची लाली

एकदा एका विणकरांच्या गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. संगणकावर चित्रांचे प्रोग्राम लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. शेवटी शेवटी त्यांच्याजवळ एकच शिष्य उरला होता, पण तो भारी हुशार. आणि त्या हुशारीची खबर जगापेक्षा त्याला स्वतःलाच जास्त होती, हेही सांगून टाकतो.

परगावच्या एका व्यापाऱ्याने शिष्याला काम दिले. साड्यांचे फोटो फिके येत, ते खुलवायचे. संगणक फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा अशा तीन मापांत जाणतो. शिष्याच्या प्रोग्रामने त्या ठिपक्याचे रूपांतर वेगळ्या तीन गोष्टींत केले: रंग कोणता (म्हणजे रंगांच्या वर्तुळावरचा त्याचा आकडा), त्याचा जोर किती, उजेड किती. मग जोर थोडा वाढवून ठिपका पुन्हा मूळ मापांत आणायचा. जांभळी, पोपटी साडी अशी खुलली की व्यापारी बेहद्द खूश झाला. राखाडी साड्यांवर मात्र लालसर झाक दिसू लागली.

"असं का हो?" व्यापाऱ्याने फोनवर विचारले.

कारण शिष्याला ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नाही' म्हणायला जीभ रेटेल तर शपथ! तो म्हणाला, "गणित चुकत नसतं, शेटजी. तुमच्या रंगाऱ्यानं रंगाची कढई नीट धुतली नसेल. आधीचा लाल सुतात उतरला."

झाले! व्यापाऱ्याला माल दिसायचा तो फोटोतच. त्याने गुरुजींच्याच गावातल्या राजय्या रंगाऱ्याचे काम तडकाफडकी बंद केले.

काही दिवसांनी राजय्या गुरुजींच्या दारी आला. हातात राखाडी सुताची लड होती. "गुरुजी, तुम्ही रंग जाणता. यात लाल कुठं आहे तेवढं दाखवा, म्हणजे मी गप घरी जातो."

शिष्य पडद्यात डोके खुपसून बसला. गुरुजींनी लड उजेडात धरून निरखली आणि ते उठून स्वयंपाकघरात गेले. परतले ते हातात दगडी वरवंटा घेऊन! म्हाताऱ्याला भलत्या वेळी चटणी आठवली की काय, असे शिष्याला वाटले.

"याचा फोटो काढ," गुरुजी म्हणाले, "आणि घाल तुझ्या प्रोग्राममध्ये."

पडद्यावर करडा वरवंटा लालसर होऊन उमटला.

"हाही राजय्यांनीच रंगवला का रे?"

शिष्याला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

"राखाडी ठिपक्याचा रंग कोणता, या जागी तू काय लिहिलंस?"

"शून्य, गुरुजी. राखाडीला रंगच नसतो. पण जागा रिकामी कशी सोडायची, म्हणून..."

"आणि रंगांच्या वर्तुळात शून्यावर कोण बसतं?"

"लाल," तो पुटपुटला. "मी सरसकट जोर वाढवला, म्हणून तो लाल वर आला."

"बाळा, ती चूक प्रोग्रामची. ती सुधारेल. पण शेटजींनी कारण विचारलं, तेव्हाही तुझ्याजवळची जागा रिकामीच होती. तिथं तू एका माणसाचं नाव लिहिलंस. अज्ञान हे पाप नव्हे. अज्ञानाच्या जागी हाताला येईल ते भरणं, हे पाप."

शिष्याने तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. "चूक माझी होती, शेटजी. कढईचा दोष नव्हता. काही न पाहता मी बोललो."

व्यापारी म्हणाला, "या हंगामाचं काम मी दुसऱ्याला देऊन बसलोय. पुढचं पुढे बघू."

शिष्य राजय्याच्या पायांशी वाकला, तसे राजय्याने पाय मागे घेतले.

"नको, पाया नको पडू. अरे, मलाच ते कढईचं खरं वाटलं होतं. कढया धुतो माझा धाकटा भाऊ. चार लोकांत मी त्याला म्हणालो, तूच माझ्या पोटावर पाय दिलास. तो बायकापोरं घेऊन सासुरवाडीला निघून गेला. त्याला मी आता काय तोंड दाखवू, सांग?"

या वेळी शिष्याने उत्तर बनवले नाही.

"मला माहीत नाही, राजय्याकाका," तो म्हणाला. "पण आधी मला तुमच्या भावापुढं उभं राहू द्या. मग तुम्ही या."