एका कागदावरची बांगडी

“आणि मला ओळखता आलं नाही तर?” चौगुले मास्तरांनी विचारलं.

“तर तुमची सगळी चित्रं एआयला शिकायला द्यायची,” अभिनंदन म्हणाला. “ओळखलंत, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.”

चाळीस वर्षं मास्तर कोल्हापुरात कागदावर एकेक चित्र काढून कार्टूनपट करत होते. अभिनंदन त्यांच्याच हाताखाली शिकला आणि मुंबईला जाऊन मोठा झाला. आता त्याला स्वतःचा पहिला चित्रपट मिळत होता. निर्मात्याची अट एवढीच, की चित्रं मास्तरांच्या वळणाची हवीत आणि महिन्याभरात हवीत. हाताने ते होणं शक्य नव्हतं.

त्याने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर एक म्हातारी वाकली, कमरेत जरा अडखळली आणि भरलेली कळशी उचलून तिने कमरेवर घेतली. मग तीच म्हातारी पुन्हा वाकली. एक तुकडा मास्तरांचा, जुना. दुसरा मशीनने हुबेहूब तसाच केलेला.

मास्तर बघत राहिले...

अभिनंदनने कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं. गुरूला हरवायला निघालेल्या शिष्याला पाणी मागायचीही चोरी असते.

“पहिली आपली,” मास्तर म्हणाले.

“कशावरून?”

“कळशी उचलताना तिच्या हातातली बांगडी जाते आणि लगेच येते. एका कागदावर काढायची राहून गेलीय.”

अभिनंदन उसळला. “म्हणजे ते काढताना तुम्ही चुकलात की! मशीन असं चुकत नाही, मास्तर.”

“मी कुठं चुकलो? कळशी उचलतानाचे ते मधले कागद तू काढलेस. शिकायला आलास, त्या वर्षी.”

“मग तेव्हाच दुरुस्त का नाही केलंत?” त्याचा आवाज खाली आला होता.

मास्तर उठले. कपाटातले गठ्ठे काढून त्यांनी एकेक त्याच्यापुढे रचले. पैज जिंकलेला माणूस हे काय करतोय, अभिनंदनला कळेना. भीतीच वाटली त्याला.

शेवटच्या गठ्ठ्यातून मास्तरांनी एक कागद ओढून काढला, खाली बसले आणि तो मांडीखाली सरकवला.

“माझं सगळं घेऊन जा. बांगडी विसरलास, त्या दिवशी तुझं सगळं ध्यान म्हातारीच्या कमरेतल्या कळेवर होतं. तुझा एवढा एक कागद मी मशीनला द्यायचा नाही.”