हैबतरावांनी तांब्या उचलला! पण ही सगळी भानगड सुरू झाली आदल्या दिवशी, आमटीवरून.

"आमटीत मीठ नाही!"

बोरवणीचे राजे मानाजीराव भर पंगतीत गरजले आणि स्वयंपाकघरातून तुळसाक्काला बोलावणं गेलं. तुळसाक्का वाड्यातली मुख्य स्वयंपाकीण. हाताला चव अशी की माणूस बोटं चाटत बसेल. पण विसरभोळी इतकी, की पळी हातात धरून घरभर पळी शोधत फिरायची!

"विसरलीस?"

"विसरले, सरकार."

"काल खिरीत साखर नव्हती!"

"काल होती, सरकार. काल दोनदा पडली. नव्हती ती परवा."

पंगत खुदकन हसली. राजे मात्र लालबुंद!

"हे बघ आमचे त्र्यंबकशास्त्री! एकदा ऐकलं की जन्मभर पाठ. आमच्या मुंजीत आम्ही कुणाच्या उपरण्याला नाक पुसलं, तेसुद्धा त्यांना आठवतं!"

"मामासाहेबांच्या," शास्त्रीबुवा तत्परतेने म्हणाले. "जरीकाठाला."

आता गप्प बसावं की नाही? पण तुळसाक्काच्या जिभेला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं.

"आठवलं खरं, सरकार, पण लोक जेवत असताना ते सांगू नये, एवढं सुचलं का? नुसतं आठवून काय करायचं? अक्कल नको जोडीला?"

"अक्कल?" राजे ताडकन म्हणाले. "मग दाखव तुझी अक्कल! उद्या देवठाणचे हैबतराव येताहेत. जेवण झालं की त्यांच्या चिरंजिवांशी आमच्या ताईसाहेबांच्या लग्नाची सुपारी फुटायची. हैबतराव जेवून हात धुतील, तोवर तुला मुदत. पूर्वी घडलेली एक गोष्ट सांगायची. तू तिथे नसलेली, तुला कुणी न सांगितलेली आणि आम्हालाही न आठवणारी! खरी-खोटी शास्त्रीबुवा सांगतील. चुकलीस तर पळी ठेव आणि वाड्याबाहेर हो!"

"अहो सरकार, जे तुम्हाला आठवत नाही आणि मला ठाऊक नाही, ते मी आणू कुठून?"

"अकलेतून आण!"

झालं! तुळसाक्काचा सगळा जन्म त्या चुलीपुढे गेलेला. उद्या जायचं कुठे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पुरणाला चटका बसला, तरी डोक्यात प्रकाश काही पडेना.

दुपारी पंगत बसली. हैबतराव म्हणजे भलेथोरले गृहस्थ, दोन पाटांवर एकटे मावलेले! तुळसाक्का तूप वाढत होती आणि मनात म्हणत होती, 'सावकाश जेवा हो, सावकाश!'

हैबतराव खुशीत आले. "काय हो राजेसाहेब, आपली पहिली भेट कुठली बरं?"

"शास्त्रीबुवांना विचारा!" राजे ऐटीत म्हणाले. "अक्षरन् अक्षर सांगतील!"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "म्हाळोबाची जत्रा. कुस्त्यांचा फड. आपण पुढे बसला होतात. महाराजांना कुस्ती दिसेना. तेव्हा महाराज म्हणाले, 'अरे, तो धोतर नेसलेला भोपळा कुणीतरी बाजूला करा!' त्यावर आपण..."

"पुरे!" राजे किंचाळले.

शास्त्रीबुवांनी तोंड मिटलं.

"भोपळा?" हैबतरावांच्या मिशा थरथरल्या. "आम्ही भोपळा? मोडली सोयरीक!" आणि ताटातच हात धुवायला त्यांनी तांब्या उचलला.

पाणी पडलं की जेवण संपलं, लग्न मोडलं आणि तुळसाक्काची पळीही गेली! तिने तुपाचं भांडं खाली आपटलं.

"थांबा, रावसाहेब! सरकार, माझी गोष्ट तयार आहे. त्या दिवशी हैबतरावांनी तुम्हालाही असंच काहीतरी सणसणीत ऐकवलंय!"

"आम्हाला? छे! आम्हाला नाही आठवत."

"आम्हालाही नाही," हैबतराव म्हणाले. तांब्या मात्र तसाच वाकडा धरलेला.

"शास्त्रीबुवा, आता पुढचं सांगा!"

शास्त्रीबुवांनी राजांकडे पाहिलं. राजांनी कशीबशी मान डोलावली.

"त्यावर हैबतराव म्हणाले, 'कुठून ओरडतंय रे ते तुरा लावलेलं भरताचं वांगं?'"

राजांचा हात हळूच आपल्या फेट्याच्या तुऱ्याकडे गेला. ते बघून हैबतरावांना असं काही हसू फुटलं की तांब्यातलं पाणी ताटाऐवजी शेजारच्या दिवाणजींच्या मांडीवर! राजेही पोट धरून हसायला लागले.

"पण आक्का," डोळे पुसत राजे म्हणाले, "तू जत्रेत नव्हतीस, कुणी सांगितलं नाही. तुला कळलं कसं?"

"त्यात काय, सरकार! रावसाहेबांनी तो अपमान गिळला असता, तर तो आजवर घशाशी येत राहिला असता. शास्त्रीबुवांनी आठवण करून द्यावी लागली असती होय? आणि शब्द ऐकल्याबरोबर ताटावरून उठणारा माणूस तेव्हा बरा गप्प बसेल! दोघेही साफ विसरलात, त्या अर्थी तिथल्या तिथे फिटंफाट झाली होती!"

"शाब्बास!" हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. "वाढा तूप! पुरणपोळी आणा!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाक्काच्या हातात घातलं. "आणि शास्त्रीबुवा, आठवायचं ते तुम्ही खुशाल आठवा. पण तोंड उघडण्याआधी आमच्या आक्काला विचारत चला!"

शास्त्रीबुवा तुळसाक्काकडे वळले. "आक्का, राजेसाहेब लहानपणी काय म्हणून रडत असत, ते सांगू का?"

"मुळीच नाही!" तुळसाक्का म्हणाली आणि पंगत पुन्हा खो खो हसत सुटली.