मोठा शंख

समुद्रातल्या प्राण्यांचंही आरमार होतं, तेव्हाची गोष्ट. शंखात राहणारे खेकडे त्याचे राखीव नाविक. एरवी ते किनाऱ्यावर आपापले उद्योग करायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर सरावाला यायचे. लाट आली की खडक धरायचा, हाच सराव. त्यानं अंग भरून शंख घट्ट झाला, की बढती म्हणून मोठा शंख मिळायचा.

रंगोजी खेकडा यायचा, पण लाट दिसली की कपारीत शिरायचा. तरी तो सरदार कासवाला म्हणाला, “साहेब, माझी हजेरी पूर्ण आहे. मोठा शंख द्या. अंग काय, आत राहून भरेल.”

“नियम तुला माहीत आहे. तरी हवाच असेल तर घे बाबा.”

रंगोजी ऐटीत सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. “धरा रे खडक!” तो ओरडला. लाट आली, ढिल्या शंखात पाणी शिरलं आणि शंख गडगडत गेला. रंगोजी वाळूत उघडा पडला. वरून घार झेपावली, तेवढ्यात कासवानं त्याला पोटाखाली घेतलं.

पुढच्या वर्षी रंगोजी जुन्या शंखात आला आणि सगळ्या लाटा त्यानं खडकावरच झेलल्या.

“काय रंगोजी, आता देऊ का मोठा शंख?” कासवानं विचारलं.

रंगोजीनं आतल्या आत जरा हलून पाहिलं.

“नको साहेब. अजून यातच थोडी जागा आहे.”