पहिली पाट दुसऱ्याच्या दारी

आंबेदरा नावाच्या उजाड गावी इनासबाबांचा मुक्काम होता. प्रभू येशूचे हे सेवक. अंगावर पांढरा झगा, पायांत टायरच्या चपला. तिथल्या गरीब लेकरांना दूरदेशीचे पालक लाभले होते. न पाहिलेल्या मुलांच्या शाळेचा आणि जेवणाचा भार ती माणसं उचलत. बाबांचं मात्र तेवढ्यावर समाधान नव्हतं. बाबा म्हणत, "लेकराचं ताट भरलं आणि आईचे हात रिकामेच राहिले, तर दान अर्धंच पोचलं." म्हणून अशा प्रत्येक घरी ते एक शेळी देत. अट एकच होती. तिची पहिली पाट, म्हणजे पहिलं मादी करडू, दुसऱ्या गरजू घरी द्यायचं. कोणाला, ते देणाऱ्याने ठरवायचं.

शेळ्या वाटायचं काम गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे कारभारी दावीदराव यांच्याकडे होतं. आणि इथेच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते! या गृहस्थाने तरण्या शेळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या दारी बांधल्या आणि विधवा रिबकाबाईच्या गळ्यात दात झिजलेली भाकड म्हातारी मारली. वर चारचौघांत हसून म्हणाला, "फुकट खाणाऱ्यांना आणखी काय पाहिजे?" रिबकाबाईची लेक सुवार्ता शेजारीच उभी होती. त्या लेकराने खाली घातलेली मान वर केली नाही.

बाबांना हे कळलं तेव्हा ते स्वतः तिच्या दारी आले. "बाई, शेळी बदलून देतो."

"नगं बाबा," रिबकाबाई म्हणाली. "दारात आलेलीला हाकलू कशी?"

बाबांचे डोळे भरून आले. शेळीच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "हिला हन्ना म्हणत जा. शास्त्रातल्या हन्नालाही लोक वांझ म्हणून असंच हिणवत होते. प्रभू तिला विसरला नाही, तिची कूस उजवली."

आणि काय सांगावं! सगळ्यांनी टाकून दिलेली ती म्हातारी गाभण राहिली.

सुगीचा सण आला. या दिवशी मंडळी पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवते. पुढच्या रांगेत दावीदराव कणसांची पेंढी घेऊन बसले होते. रिबकाबाई उशिरा आली, डोक्यावर टोपली, डोळे रडून सुजलेले. हन्नाने पहाटे दोन पाटी दिल्या होत्या. पहिली जिवंत होती. दुसरी हललीच नव्हती. दोघींना टोपलीत घालून ती आली होती.

दावीदराव शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बघा आता. जितं घरात ठेवंल अन् मेलेलं देवाला दाखवंल. घेणाऱ्याचा हात कधी उलटा झालाय का?"

बाबा म्हणाले, "रिबकाबाई, पहिली तुझ्या घरी राहू दे. प्रभू समजून घेईल."

"न्हाई बाबा. पहिली दुसऱ्याची, हे बोलून घेतलीय मी." तिने जिवंत करडू उचललं, सगळ्यात मागच्या रांगेत गेली आणि सलोमीच्या ओटीत ठेवलं. "दूध तुटंपातूर माझ्या दारी राहील. मग तुझं."

ही सलोमी कोण? दावीदरावांची विधवा सून! मुलगा वारल्यावर यांनीच तिला लेकरासकट घराबाहेर काढलं होतं. कणसं देवाला आणि सून रस्त्यावर! अशा पेंढीला देवाने हात तरी का लावावा?

बाबा टोपलीजवळ गुडघ्यांवर बसले. निपचित करडावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. आणि टोपलीतून बारीकसं ओरडणं ऐकू आलं. करडाने मान उचलली होती!

दावीदरावांच्या हातातली पेंढी गळून पडली. ते बाबांच्या पायांशी वाकले, तर बाबा मागे सरले. "मी काय दिलं तुला? जिनं दिलं तिच्यापुढं वाक."

आणि कारभारी भर मंडळीत त्या विधवेपुढे वाकले. मग सुनेकडे वळून हात जोडले. "पोरी, घरी चल."

"येईन मामंजी," सलोमी म्हणाली, "पण ही पाट माझी राहील."

हन्नाच्या त्या दुसऱ्या पाटीपासून रिबकाबाईचं दार शेळ्यांनी भरलं. पुढे तिने दूरदेशीच्या पालकांना निरोप धाडला, "माझ्या सुवार्ताला आता मी पोसते. तुम्ही दुसऱ्या लेकराचा हात धरा." तो निरोप मंडळीपुढे वाचून दाखवला सुवार्ताने, मान ताठ ठेवून. ज्याने तिची मान वर केली, त्या दयाळू प्रभूला आपलाही नमस्कार असो.