अकरा दोऱ्या आणि थकलेलं तांबं

फार पूर्वी एका गावात तांब्याची भांडी घडवून घेणारा एक मालक होता, आणि त्याला दोन कान होते. कान सगळ्यांनाच असतात म्हणा. पण या मालकाला अंगणातली मुंगी शिंकली तर माडीवर ऐकू यायचं. खोटं वाटत असेल तर त्या गावात जाऊन विचारा. गावाचं नाव मात्र मी विसरलो.

खाली कारखान्यात अकरा कारागीर अकरा हातोड्यांनी ठोके घालत बसायचे. मालक वर माडीवर झोपाळ्यावर असायचा. अकरा हातोड्यांचे अकरा आवाज तो ओळखायचा. प्रत्येक कारागिराच्या डोक्यावर एक घंटा टांगलेली होती आणि तिची दोरी वर झोपाळ्याच्या कडीला बांधलेली होती. हातोडा जरा थांबला की मालक बरोबर त्याचीच दोरी ओढायचा. घण्ण! ज्याची घंटा वाजली, त्याने दुपारची भाकरी उभ्याने खायची, असा नियम होता.

त्यामुळे पाणी प्यायचं तर डाव्या हाताने आणि नाक पुसायचं तर खांद्याने. एका कारागिराला मुलगी झाली, तेव्हा त्याने ठोके घालता घालताच पेढा खाल्ला. मालक मात्र सगळ्यांना सांगायचा, "माझ्याकडे कोणी आळशी नाही. मी पायरी न उतरता कारखाना चालवतो!"

कारागिरांत सगळ्यांत जुना होता एक म्हातारा. त्याला सगळे आबा म्हणत. तीस वर्षं तो एकाच ऐरणीशी बसत होता. आणि तयार भांडी चिंचेने घासून लखलखीत करणारी एक बाई होती. तिला सगळे चिंचमावशी म्हणत, कारण तिच्या हाताला चिंच लागलेली असे, आणि जिभेलाही.

एकदा सात गावांच्या जत्रेसाठी आमटीचा हंडा घडवायचं काम आलं. हंडा केवढा? आत वासरू शिरलं तर चरायला लागावं एवढा! चिंचमावशीला तो घासायला शिडी लावून आत उतरावं लागणार होतं.

"किती दिवस लागतील?" मालकाने माडीच्या जमिनीत दोऱ्यांसाठी पाडलेल्या भोकातून विचारलं.

"पंधरा," आबा म्हणाला.

"मी आठ सांगून बसलोय."

"मग तुम्हीच बसा घडवायला," चिंचमावशी पुटपुटली. मालकाला ते ऐकू गेलं, पण चिंचमावशीला घंटा नव्हती.

मालकाने विचार केला, वेळ जातो कुठे? त्याने दिवसभर कान लावला आणि त्याला चोर सापडला. थोडा वेळ ठोकलं की कारागीर भांडं भट्टीत घालत. ते लाल होईपर्यंत आणि पुन्हा निवेपर्यंत घालणाऱ्याची ऐरण चिडीचूप, आणि भट्टीपाशी घंटाही नाही! एकही ठोका नाही!

"उद्यापासून भट्टी बंद," त्याने हुकूम सोडला. "भट्टीतून आवाज येत नाही. जिथे आवाज नाही तिथे काम नाही."

आबा कपाळाला हात लावून जिन्यापाशी गेला. "मालक, असं करू नका. तांबं थकतं."

मालक एवढा हसला की झोपाळा भिंतीला आपटला. "तांबं थकतं? मग ऐरणीला जांभई येत असेल!"

"ठोके खाऊन ते ताठ होतं, मालक. विस्तवात लाल झालं, निवलं, की परत मऊ होतं, आपलं ऐकायला लागतं. तो त्याचा विसावा. तो दिला नाही तर तडकतं."

"आज तांबं थकलं म्हणताय. उद्या म्हणाल, आम्ही थकलो."

आबाने आपल्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं. "ते उद्या कशाला, मालक? ते कालच म्हणायचं राहून गेलं."

हुकूम काही फिरला नाही. भट्टी विझली. अकरा जण हंड्याभोवती बसले आणि ठक ठक ठक सुरू झालं. चार दिवस हातोड्यांना खंड नाही. पाचव्या दिवशी हंड्याचा आवाज बदलला. आधी तो जाड, भरल्या पोटाचा येत होता. आता खण खण खण, असा तीक्ष्ण यायला लागला.

माडीवर मालक खूश झाला. "वा! आज कसं खणखणीत काम चाललंय!"

खाली आबाने हंड्यावर तळवा ठेवला आणि हातोडा बाजूला ठेवून दिला.

घण्ण! त्याची घंटा वाजली. आबा हलला नाही. घण्ण! घण्ण!

"आबा! हातोडा कुठे गेला तुमचा?" भोकातून आवाज आला.

"खाली ठेवलाय."

"हात दुखतोय?"

"हात रोजच दुखतो. आज तांब्याला दुखतंय. भट्टी पेटवू द्या, नाहीतर मी यावर एकही ठोका घालणार नाही."

"मग घरी जा! तुमची जागा घ्यायला दहा जण येतील."

आबाने हातोडा रुमालात गुंडाळला. तीस वर्षांची जागा. तिथली जमीन त्याच्या बैठकीने खोल गेली होती. तो उठला, तेव्हा बाकीचे दहाही हातोडे एक क्षणभर थांबले. लगेच वरून दहाच्या दहा घंटा वाजल्या आणि हातोडे पुन्हा सुरू झाले.

"अरे, कोणीतरी तोंड उघडा रे!" चिंचमावशी ओरडली. पण प्रत्येक जण खाली मान घालून ठोकत राहिला. घरी चुली सगळ्यांनाच होत्या.

आठव्या दिवशी हंडा जत्रेत गेला. काठावर मालकाचं नाव ठोकलेलं होतं. सात गावांची डाळ, गूळ, चिंच, हिंग आत पडलं, खाली जाळ लागला आणि आमटीला उकळी फुटणार एवढ्यात टण्ण! काठापासून बुडापर्यंत चीर गेली, ती नेमकी मालकाच्या नावाच्या मधून. आमटीचा असा लोट वाहिला की दोन म्हातारे आणि एक बोकड थेट नदीपर्यंत वाहत गेले. बोकड सुकला, पण अजून हिंग खात नाही म्हणतात.

सात गावं कोरडा भात खाऊन परतली. जत्रेचे पंच मालकाला म्हणाले, "चार दिवसांनी मोठी पंगत आहे. तोवर हंडा नीट करा. नाहीतर तुमच्या नावाची घागरसुद्धा या सात गावांत कोणी डोक्यावर घेणार नाही."

मालक आबाच्या दारी गेला. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसला होता.

"ठिगळ बसेल?" मालकाने विचारलं.

"बसेल. पण हंडा भट्टीत जाईल. आणि तो तापून निवेपर्यंत अकराही जण हात सोडून बसतील. तुम्ही आमच्यात खाली बसायचं."

"मी कशाला?"

"कान चांगले आहेत ना तुमचे? मग जवळून ऐका."

भट्टी पेटली. हंडा लाल झाला, बाहेर आला, आणि सगळे त्याच्याभोवती बसले. मालकही मांडी घालून बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कारखाना गप्प झाला होता. आणि त्या शांततेत मालकाला ऐकू यायला लागलं. कोणाच्या छातीत शिट्टी वाजत होती. कोणाची बोटं मिटता मिटता कुरकुरत होती. पेढेवाल्या कारागिराला बसल्या बसल्या झोप लागली होती. सगळे आवाज आधीपासून होते, हातोड्यांखाली दबलेले.

मग हंड्यातून बारीकसा आवाज आला. टिक… टिक…

"हे काय?" मालक दचकला.

"काही नाही," आबा म्हणाला. "तांबं आळस देतंय."

ठिगळ बसलं, पंगत झाली, आमटी टिकली. आबा आपल्या खोल गेलेल्या जागी परत बसला.

दोऱ्या मात्र मालकाने काढल्या नाहीत. सवय कुठली जायला! फक्त आता हातोडे फार वेळ न थांबता चालले की तो अकराही दोऱ्या एकदम ओढतो आणि भोकातून ओरडतो, "अरे थांबा! तांबं थकलं असेल!"

"नुसतं तांबंच का हो, मालक?" चिंचमावशी खालून विचारते.

त्यावर वरून नुसता झोपाळा करकरतो. पण त्या गावात आता भाकरी सगळे बसून खातात.

तात्पर्य: विसावा न मिळालेली वस्तू तडकायच्या आधी सगळ्यांत खणखणीत वाजते. तो आवाज ऐकून जो मालक खूश होतो, त्याने आधी आपले कान तपासून घ्यावेत.