जिला नाममुद्रा नव्हती ती म्हण

फार पूर्वी वेणुवती नगरीत नंदिसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता. नाव श्रुतधर. राजाला लहानपणी काव्यशास्त्र त्यानेच शिकविले होते. त्या दरबाराची एक रीत होती: प्रत्येक कवितेच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव गुंफायचे. त्याला नाममुद्रा म्हणत. मुद्रेवाचून कविता म्हणजे राजाच्या लेखी बेवारस ढोर.

राजाला कमळांचे भारी वेड. तळे काठोकाठ राहावे म्हणून त्याने गावाकडे जाणाऱ्या पाटाचे दार बंद करविले. पुढच्याच उन्हाळ्यात एक म्हण त्याच्या कानी आली: 'राजाला कमळं, गावाला कोरड.'

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, "आचार्य, याचा कवी शोधून आणा. त्याची जीभ छाटायची आहे. आणलात तर राजगुरूचे आसन तुमचे."

श्रुतधर गावोगाव हिंडला. विचारावे त्याचे उत्तर एकच, "जुनी माणसं म्हणत आलीत." कालपरवाची म्हण, पण लोकांनी तिला आजोबांच्या मांडीवर नेऊन बसविले होते. श्रुतधराला त्याचे मोठे कौतुक वाटले.

शेवटी तो कण्हा नावाच्या कुंभारणीच्या दारी पोचला. तिचे चाक थांबलेले होते आणि माती भेगाळली होती.

"मीच बोलले की, बाबा," ती म्हणाली. "माती भिजवायला थेंब नव्हता. तोंडातून निघून गेलं. त्यात माझं काय चुकलं?"

"राजा जीभ कापीन म्हणतो, बाई."

कण्हाने भेगाळलेल्या मातीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही सांगणार असाल तर सांगा. खोटं बोला म्हणायची नाही मी."

श्रुतधर परत निघाला. त्याला भीती वाटत होती, हे लपवून काय उपयोग? आसनाचा मोह त्याला नव्हता. पण खोटे बोलायचे नव्हते आणि त्या बाईला मरणयातनेत ढकलायचेही नव्हते. वाटेत घसा सुकला, एका विहिरीत त्याने पोहरा सोडला, तो कोरडाच वर आला. तेव्हा त्याच्या तोंडून आपसूक तीच म्हण निघाली. तो थबकला, आणि मग निर्धास्त मनाने नगरात शिरला.

"सापडला कवी?" राजाने विचारले.

"ज्या तोंडून ते बोल पहिल्यांदा निघाले ते तोंड सापडले, महाराज. नाव मी सांगणार नाही. तिथे तो नुसता एका जिवाचा सुस्कारा होता. म्हण झाली ती पाणवठ्यावर, बाजारात, ज्याने त्याने आपली म्हणून उचलली तेव्हा. काल तहान लागली तेव्हा मीही उचलली. जीभ छाटायची तर सर्वांत जवळची माझी आहे."

"तुम्हीच शिकवलंत की काव्याला कवी असतो."

"काव्याला असतो. म्हणीला गाव असते, एवढे शिकवायचे राहिले."

राजा उठला आणि एकटाच तळ्याकडे गेला. तळ्यात कमळे डोलत होती. पलीकडे पाटाच्या कोरड्या तळाशी बायका वाळू उकरून झरा शोधत होत्या. त्यांच्याकडे पाहता पाहता राजाचा राग ओसरला आणि त्याला मनापासून लाज वाटली. सेवकांना हाक न मारता त्याने स्वतः पाटाचे दार उचलले.

म्हण काही मेली नाही. नवरा दुधावरची साय एकटाच खाऊ लागला की बायको अजून म्हणे, 'राजाला कमळं, गावाला कोरड.' पण मग पोरे विचारीत, कोणता राजा? आणि आजी दार उचलणाऱ्या राजाची आख्यायिका सांगे. पुढे म्हातारा राजा एका पहाटे श्रुतधरासोबत गावातून जात असता जात्यावरची ओवी त्याच्या कानी पडली:

सरलं दळण बाई, ओवी पाटाच्या पाण्याला,
राजा मनाचा मोठा, बाई लाजला म्हणीला.

राजाचे डोळे भरून आले. "आचार्य, हिचा कवी कोण?" त्याने विचारले.

"मुद्रा नाही, महाराज," श्रुतधर म्हणाला. राजा हसला आणि ओवी संपेपर्यंत तिथेच उभा राहिला.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, लोकांच्या टोमण्याने रुसून बसलेला आपला भिक्खू सुयाम तेव्हा राजा नंदिसेन होता. कण्हा म्हणजे भिक्खुणी मालती, आणि श्रुतधर अमात्य मी स्वतः. सत्य आपल्या मानेवर झेलावे आणि दुसऱ्याची मान वाचवावी, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."