कोरी स्टेपनी

"मग ती स्टेपनी ठेवली होती कशाला?"

डायवर महाराजांनी रणधीर नेर्लेकरला विचारलं.

महाराज म्हणजे आधी एष्टीचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं स्टिअरिंग धरलं. रिटायर झाले त्या दिवशी घरी न जाता म्हसोबाच्या टेकडीवर येऊन बसले, ते बसलेच. लोक पाया पडायला लागले. दोन वर्षं महाराज नको नको म्हणाले, मग कंटाळून पाय पुढं करून ठेवले.

"ओरिजिनल आहे ती," रणधीर म्हणाला. "एकोणीसशे एकसष्टची. कारखान्यातून निघाली तशी. जमिनीला टेकलेली नाही."

"अजून?"

"अजून."

महाराजांनी टेकडीखाली पाहिलं. रणधीरची बुटकी, लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी उन्हात चमकत होती.

"आपल्या भागात पाचही चाकं मूळची असलेली ही एकच गाडी." सवयीनं रणधीरच्या तोंडून निघून गेलं. "स्पर्धेत परीक्षकानं आधी हात धुतले, मग स्टेपनीला हात लावला."

बोलून झाल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. पण थोडी उशिरा.

"वैशाखात काय झालं ते सांगा, मालक."

"सांगितलं की मघाशी. माझ्यामुळं आक्का…"

"तसं नको. मी डायवर आहे. रस्त्यानं सांगा."

रणधीरनं खाली मान घातली.

आक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आक्का सतरा. तिनं लग्न केलं नाही, रणधीर वाढवला. वैशाखात ती मिरजेला दवाखान्यात होती. तिनं फोन केला, 'लाल गाडी घेऊन ये रे, खिडकीतनं बघते.' डॉक्टरांनी मागून फोन घेतला आणि सांगितलं, आजच या.

"मग निघालो," रणधीर म्हणाला. "लवकर पोचावं म्हणून आडवाटेनं. तिथं मागचं डावं चाक बसलं. चिटपाखरू नव्हतं. जॅक लावला. चाक काढलं."

"मग?"

"डिकी उघडली…"

"मग?"

"बंद केली."

महाराजांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"गावात पंक्चरवाला होता. पंक्चरचं चाक ढकलत नेलं. जाताना चढ होता. तो जेवायला गेला होता, त्याची वाट बघितली. परत आणलं, बसवलं. पावणेतीन तास."

"आणि मिरज?"

"खाटेवरची गादी गुंडाळत होते. नर्स म्हणाली, सकाळपासून रस्त्यावर हॉर्न वाजला की मान उचलायच्या…"

टेकडीवर वारा नव्हता. महाराजांनी पायावरची मुंगी उचलून बाजूला ठेवली.

अकरा महिने झाले होते. रणधीरला अन्न गोड लागत नव्हतं आणि हॉर्न ऐकला की घाम फुटत होता. त्यानं दोन ज्योतिषी केले, एक मानसोपचारवाला केला. तिघांनीही काचेतून गाडी बघितली आणि किती ॲव्हरेज देते विचारलं.

"प्रायश्चित्त सांगा, महाराज. मी ठरवलंय. स्टेपनी इथं देऊन टाकतो. चांदीचा स्टँड करतो, वर काचेची पेटी. आक्काचं नाव घालतो. खाली छोटी पाटी."

"पाटीवर काय?"

"हात लावू नये."

महाराजांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. मग काठी टेकत उठले आणि टेकडी उतरायला लागले.

खाली रणधीरनं डिकी उघडली. आत स्टेपनी लोकरीच्या शालीत गुंडाळलेली.

"थंडी वाजते तिला?"

"धूळ बसू नये म्हणून…"

"हवा?"

"महिन्यातून एकदा भरतो. हातपंपानं. मोठ्या पंपाचा दणका नको."

"बोलता काय तिच्याशी?"

रणधीर बोलायचा.

त्यानं शाल काढली. तारांचं चाक, एकही तार गंजलेली नाही. टायरवर कारखान्यातले रबराचे बारीक केस अजून तसेच, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या लवेसारखे.

"लावा," महाराज म्हणाले.

"काय?"

"चाक. मागच्या डाव्या बाजूला."

"पण मागचं डावं चांगलं आहे की!"

"मी विचारलं?"

रणधीरनं जॅक लावला. तांब्याच्या हातोडीनं चाकाच्या मधली फिरकी ठोकली. एका ठोक्यात सुटावी ती पाच ठोके घेऊन सुटली. चांगलं चाक काढलं. कोरं चाक चढवलं. जॅक खाली घेताना त्यानं डोळे मिटले.

एकसष्ट सालची स्टेपनी पहिल्यांदा जमिनीला टेकली. काही झालं नाही. समोरच्या बांधावरची म्हैस रवंथ करत राहिली.

महाराज शेजारच्या सीटवर बसले. गाडी इतकी बुटकी की त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. "चला मालक. मिरजेकडं."

रणधीरनं गाडी काढली. पहिला गिअर. दुसरा. लिंबाचं झाड मागं गेलं. मैलाचा दगड दिसायला लागला. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं… इतकं सोपं होतं ते. एवढंच करायचं होतं.

मैलाच्या दगडाअलीकडं धाडकन आवाज झाला.

गाडी डावीकडं खचली आणि फरफटत थांबली. रणधीर उडी मारून मागं धावला. टायर सडक्या फणसासारखा उकलला होता. बोट लावलं तसा रबराचा भुगा हातात आला. इतकी वर्षं शालीत झोपून तो आतल्या आत पार संपला होता.

रणधीर भुग्याकडं बघत राहिला.

मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"महाराज…" तो कुजबुजला. "फुटला."

"फुटला."

"म्हणजे त्या दिवशी लावला असता तरी फुटलाच असता! पाच मिनिटांत फुटला असता! मी पोचलोच नसतो!" तो रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "उलट चालत गेलो तेच बरं केलं! माझा दोष नव्हता… आक्का, ऐकलंस का, माझा दोष नव्हता!"

त्यानं महाराजांचे पाय धरले. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कडकडून भूक लागली होती. गावात भजी मिळतात का, असंही त्यानं विचारलं.

महाराजांनी त्याच्या तळव्यावरचा काळा भुगा स्वतःच्या धोतरानं पुसून काढला. अगदी सावकाश, एकेक बोट.

"रणधीर… त्या दिवशी हे तुला कुठं ठाऊक होतं?"